दुसरी येऊ दे

आमच्या करडी गावच्या पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी रेषा ओलांडून जायची, गुलाल उधळायचा, मालक पोरांच्या खांद्यावर चढायचा, तरी माइकवाले मामाजी नंबर सांगायचे नाहीत. माइक तोंडाशी धरून मागच्या जोडीकडे बघत राहायचे. "दुसरा येऊ दे, मंग पयला सांगतो."

एकदा दुसरी जोडी वाटेतून वळली आणि लाखोरीच्या शेतात शिरून निवांत चरू लागली. जिंकलेला मालक ओरडला, "मामाजी, सांगा ना जी! घामानं गुलाल वाहून जाऊन राहिला!"

मामाजी भोंग्यातून म्हणाले, "मांग कोणीच नाही, त पयला कायचा बे? एकटा म्हन. जा, त्याले घेऊन ये."

आणि तो पहिला आलेला माणूस खरंच धोतर खोचून दुसऱ्याला आणायला धावला! सगळा पट हसून आडवा झाला.

लग्नातही तेच. पहिली पंगत बसली की मामाजी आधी भाताच्या गंजात डोकावून विचारायचे, "दुसरीले पुरन का?"

भंडाऱ्याच्या कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत मी अकरावी होते. मामाजी रोज दारातून हाक मारायचे, "कितवी वो?" आठवी. पाचवी. "बारावी पास पोट्टी उलटी शिकून राहिली!" शेवटी नाव लागलं.

आमच्या घराण्यात कॉलेजात कोणीच गेलं नव्हतं. बाबा तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलतात. त्या वर्षी पटाला ते इस्त्रीचा शर्ट घालून थेट भोंग्याखाली उभे राहिले. मामाजी सांगणार, घराण्यातली पहिली! मामाजींनी बैलांचे नंबर सांगितले, कोणाची तरी सापडलेली चप्पलही सांगितली. माझं नाव नाही. बाबा विचारायला गेले. "दुसरी येऊ दे गा."

मला फार वाईट वाटलं. मग राग आला. बारावीनंतर घरीच बसायचं म्हणणाऱ्या धाकट्या बहिणीला, रोशनीला, मी त्या रागातच अर्ज भरायला लावला. खरं सांगते, तिच्यासाठी कमी, माझ्या नंबरासाठी जास्त. आपण धोतर खोचून धावतोय, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

रोशनीचं नाव पहिल्याच यादीत लागलं.

पुढच्या पटात जोड्या सुटण्याआधीच भोंगा खरखरला. "दुसरी आली हो, रोशनी! आन् म्हनून पयली..."

पुढे त्यांनी माझं नाव घेतलं असणार. मला ऐकू आलं नाही. बाबांनी गुलालाची अख्खी पिशवी माझ्या डोक्यावर उपडी केली होती, आणि मी शिंकत होते.