साडेचार मिलिमीटरचा किसास

माझ्या वरच्या पुढच्या दातांत जी खिडकी आहे, तिच्याबद्दल मी आजवर माणूस बघून गोष्ट सांगत आलोय. बायकोला सांगितलं, क्रिकेटचा बॉल लागला. सासऱ्याला सांगितलं, लहानपणी पायरीवर आपटलो. दातांच्या डॉक्टरला सांगितलं, तू तुझं काम कर. खरं काय ते आज सांगतो. पण त्यासाठी तुम्हाला आधी थोडी अरबी शिकावी लागेल. घाबरू नका. मीसुद्धा ती कुठल्या मदरशात नाही, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये शिकलो, पॉवर प्रेसच्या दणदणाटात.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी वर्तकनगरहून सायकल मारत कामाला जायचो. आमचं प्रेस शॉप बूटपॉलिशच्या डब्यांची झाकणं काढायचं. प्रेस म्हणजे काय जनावर होतं! पत्रा दिला तर पत्रा खायची, बोट दिलं तर बोट खायची, आणि दोन्हींच्या चवीत तिला काही फरक वाटायचा नाही. तिचा दणका बसला की शेजारच्या कंपनीतल्या कपातला चहा उडून परत त्याच कपात पडायचा. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे नमस्कार करताना दहाच्या दहा बोटं जुळवणारा माणूस म्हणजे नवा माणूस, असं ओळखायचं.

या सगळ्या कत्तलखान्यावर राज्य करायचे आमचे डायमेकर, म्हणजे पत्रा कापायचे लोखंडी साचे बनवणारे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कल्याणचे, कोकणी मुसलमान. घरात बोलायचे ते मराठीच, फक्त खाडीचं पाणी लागलेलं. साठीला आलेला माणूस, पण दात असे एका ओळीत की स्वतःच डाय बनवून त्यातून काढले असावेत. आणि भांडखोर किती? नळाला पाणी आलं नाही तर नळाशी भांडायचे. हातोडी खाली ठेवलेली असली तरी ती हातातच आहे असं बोलायचे.

चाचांना एकच छंद, माणसांना पदव्या वाटायच्या. त्यामुळे आज मला तिथल्या कुणाचंही खरं नाव आठवत नाही, पदव्या तेवढ्या आठवतात.

मालकाचा भाचा केबिनमध्ये बसायचा, तो खलिफा. "खलिफा म्हणजे मागाहून गादीवर आलेला," चाचा सांगायचे. "पैगंबरांच्या मागून ज्यांनी कारभार सांभाळला ते पहिले चार. अबू बकर, उमर, उस्मान, अली. ठिगळं लावलेले कपडे घालून राज्य केलं त्यांनी."

"आणि हा?"

"हापण मागाहूनच आलाय. टेरिकॉट घालून झोपतो, तेवढा फरक."

स्टोअरकीपरला प्रत्येक डायचा नंबर तोंडपाठ, म्हणून तो हाफिज. खरा हाफिज म्हणजे ज्याला अख्खा धर्मग्रंथ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ आहे तो. लाइनीतल्या पहिल्या प्रेसवरचा इमाम, कारण नमाजात इमाम पुढे उभा राहतो आणि तो वाकला की मागचे वाकतात. शिया लोकांत मात्र या शब्दाचं वजन फार मोठं, तिथे इमाम म्हणजे अलींच्या घराण्यातले धर्माचे वारस. तेव्हा हा शब्द जपून वापरा, अशी तंबीही चाचाच द्यायचे.

भोंगा वाजवणारा वॉचमन हा मुअज्जिन, बांग देणारा. पहिला मुअज्जिन बिलाल. तो हबशी गुलाम होता. नवा धर्म सोड म्हणून मालकाने त्याला भर उन्हात तापल्या वाळूवर उताणा पाडला आणि छातीवर धोंडा ठेवला. तो "एकच, देव एकच" एवढंच म्हणत राहिला. ही गोष्ट चाचा नुसती सांगायचे नाहीत. समोरच्याला फरशीवर पाडून छातीवर डायचा ठोकळा ठेवायचे, नीट समजावी म्हणून. मला ठेवलेला. मी पहिल्या मिनिटात त्यांना हवं ते सगळं कबूल केलं.

आणि सर्वांत वरची पदवी होती गाझी. "लढाईत मेला तो शहीद, लढून जिवंत परत आला तो गाझी," चाचा म्हणायचे. "शहीद मी कुणाला करणार नाही. ते पद मागायचं नसतं. पण प्रेसशी लढून जो परत आला त्याला गाझी म्हणायला माझी ना नाही."

बोटं बऱ्याच जणांची गेलेली, पण चाचांनी ही पदवी दिलेली एकालाच. खाडीकाठच्या गावातला आगरी गडी, बापजाद्यांची मिठागरं, छाती अशी की दारातून जायला आडवं व्हावं लागायचं. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं प्रेसने खाल्लेली. ती अर्धी बोटं तो तलवारीसारखी मिरवायचा.

आता माझं सांगतो. एके सकाळी माझ्या अंगठ्याचं नख प्रेसने नेलं. अख्खं नख! रक्ताचा असा फवारा उडाला की छताच्या पंख्याला लाल पट्टा पडला. फडकं बांधलं आणि तडक चाचांकडे गेलो. "चाचा, आजपासून मीपण गाझी."

मागून गाझीचा आवाज आला, "तुजा नख गेला न तू गाझी? मंग न्हाव्याला काय म्हनशील, सेनापती?"

सगळं शॉप हसलं. मी म्हटलं, "तुझी बोटं लढाईत नाही गेली रे. तू पेंगत होतास, म्हणून गेली."

हे मी म्हणायला नको होतं, कारण ते खरं होतं. त्याच्या हातात पान्हा होता. तो मला दिसला तेव्हा फार जवळ आलेला. कट्ट असा आवाज झाला आणि तोंडात लोखंडाची चव आली. जीभ फिरवली तर पुढचा दात अर्धाच. तुटलेला अर्धा, मी आजही शपथेवर सांगतो, खिडकीतून थेट भिवंडीच्या दिशेने गेला.

मी त्याच्या अंगावर गेलो, इमाम आणि हाफिज माझ्या अंगावर पडले, ट्रे उलटले, झाकणं फरशीभर गडगडत सुटली. आम्हाला वेगळं केलं तेव्हा माझ्या मुठीत त्याचे केस होते आणि त्याच्या तोंडात माझ्या शर्टाचं बटण. केबिनमध्ये जावं तर खलिफा दोघांना घरी बसवणार. तेव्हा चाचांनीच निवाडा करायचा ठरला, जेवणाच्या सुट्टीत.

"मी काझी नाही," चाचा आधीच गरजले. "काझी नेमावा लागतो, त्याचा निकाल मानावाच लागतो. मुफ्ती फक्त मत देतो, त्याला फतवा म्हणतात. पेपरवाले फतवा म्हणजे हुकूम समजतात, गाढव आहेत. मी मुफ्तीपण नाही. मी ग्राइंडिंग करतो." एवढं बोलून ते काझीसारखे मांडी घालून बसले. "तीन दारं आहेत. एक, किसास. म्हणजे बरोबरीचा बदला. डोळ्याला डोळा, दाताला दात. दोन, दियत, म्हणजे भरपाई घेऊन सोडणं. तीन, माफी. माफी सगळ्यांत मोठी."

"भरपाई कुठून देऊ?" गाझी म्हणाला. "पुढल्या आठवड्यात हलद हाय माजी."

"मग माफी माग."

"ती नाय मागायचा. माज्या बोटांना बोलला तो."

"किसास!" मी ओरडलो. अर्ध्या दातातून ते "किफाफ" असं निघालं, पण सगळ्यांना कळलं. आगऱ्यांच्या हळदीला अख्खं गाव लोटतं. पुढचा दात पडलेला नवरा मांडवात उभा राहणार, या विचाराने मला इतका आनंद झाला की दुखायचं थांबलं.

मी हातोडी उचलली. चाचांनी ती काढून घेतली.

"बरोबरीचा म्हटलं मी. एका मुडद्याच्या बदल्यात समोरच्या टोळीतले दहा मुडदे पाडायचे, ही जुनी अरबी खोड. ती मोडायला किसास आला. तोंड उघड." आणि त्यांनी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढून माझ्या तोंडात घातला. "साडेचार मिलिमीटर मोडलाय. त्याचा तेवढाच जाणार. सूतभर जास्त गेला, तर तेवढा तो तुझा घेणार. मोडलेल्या दाताला हातोडी चालत नाही. जुने जाणते सांगून गेलेत, कानशीने घासायचा."

कानस! तुम्ही कधी जिवंत दातावर कानस फिरताना ऐकली नसेल. मीपण नव्हती ऐकली, पण कल्पनेनेच माझ्या पाठीवरचे केस उभे राहिले. हाफिजने चांगली खरखरीत कानस आणून दिली, जिला कारखान्यात बास्टर्ड म्हणतात. गाझीला उपड्या ड्रमवर बसवला. दाढांमध्ये लाकडी गुटका दिला. इमामाने डोकं धरलं. एवढा आडदांड माणूस, पण कपाळावरून घाम गळत होता. त्याच्या दातावर चाचांनी खडूने रेघ ओढली, पत्र्यावर ओढतात तशी.

मी कानस टेकवली आणि एकदा ओढली. नुसती एकदा. तो आवाज आजही पावसाळ्यात माझ्या कानात येतो. पांढरी भुकटी माझ्या हातावर पडली.

"थांब," चाचा म्हणाले. "घासण्याआधी एक गोष्ट ऐक. हजरत अली, पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई, त्यांच्यासारखा तलवारबहाद्दर झाला नाही. लढाईत त्यांनी एकाला खाली पाडला. तलवार उगारली. तेवढ्यात तो खालचा त्यांच्या तोंडावर थुंकला. अलींनी तलवार खाली केली, त्याला सोडून दिला. का? म्हणाले, आत्तापर्यंत मी धर्मासाठी लढत होतो. तू थुंकलास आणि मला राग आला. आता मारला तर माझ्या रागासाठी मारला असं होईल. याला म्हणतात खरा जिहाद. जिहाद म्हणजे झटणं. आणि सर्वांत मोठं झटणं आपल्या नफ्सशी, आत भुंकतं ना आपलं मन, त्याच्याशी. समजलं?"

मला समजलं की नाही ते सोडा. गाझीला समजलं. त्याला एवढंच समजलं की थुंकलं की सुटका.

त्याने मान हिसडली, गुटका बाहेर फेकला आणि सगळी ताकद लावून थुंकला. खारवलेल्या सुकटीसकट, रक्तासकट. मी चलाख माणूस, झटकन खाली वाकलो. आणि माझ्या मागे चाचा उभे होते.

थुंकी त्यांच्या दाढीवर बसली.

मग चाचांनी, ज्यांनी आत्ताच नफ्स समजावली होती, त्याच चाचांनी दोन्ही बाह्या वर केल्या. "थुंकतोस? माझ्यावर थुंकतोस?" आणि असा गुद्दा उगारला, की त्याच्या वाऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. तो गुद्दा थेट गाझीच्या पुढच्या दातांवर निघालेला. रेघ नाही, व्हर्नियर नाही, किसास नाही. चारी दात मुळासकट जाणार आणि हळदीत नवरा पेज पिणार, हे मला स्वच्छ दिसलं.

आता शॉपमधल्या लोकांना वाटतं मी त्याला वाचवायला मध्ये पडलो. पडलो असेनही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात वेगळंच होतं. तो दात माझा होता! साडेचार मिलिमीटर माझ्या हक्काचे! ते दुसरा कुणी फोडणार?

"चाचा, तो माझा दात!" असं ओरडत मी उडी मारली.

गुद्दा मला लागला. उरलेला अर्धा दात गेला. हा कुठे गेला ते मला माहीत आहे, मी गिळला.

मी फरशीवर झाकणांच्या ढिगात उताणा. छातीवर धोंडा नव्हता, पण होता असं वाटत होतं. वरून गाझीचा चेहरा वाकला, दातावर खडूची रेघ तशीच. तो बराच वेळ माझ्या तोंडात बघत राहिला.

"आता झाला," तो म्हणाला. "आता झाला तू गाझी."

चाचांनी नळावर जाऊन दाढी धुतली. हात, तोंड, कोपरापर्यंत. परत आले ते माझ्याशी न बोलता सरळ ड्रमवर बसले, जिथे मघाशी गाझी बसला होता.

"गोष्ट अलींची होती," ते म्हणाले. "माझी नव्हती. चल, अर्ध्या दाताचा हिशोब माझ्याकडे. कानस घे."

मी उठलो. इमाम, हाफिज, मुअज्जिन, सगळे बघत होते. मी कानस घेऊन पुढे गेलो, निदान दाखवायला तरी. चाचांनी तोंड उघडलं. मग दोन बोटं आत घातली, आणि ती एका ओळीतली, डायमधून काढल्यासारखी अख्खी कवळी बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली. गरम होती, पानाचा वास येत होता.

"घे," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "यातलं तुझं मोजून घे."

गाझी आधी हसला, मग मी. हसताना माझ्या तोंडातून रक्त आणि शिट्टी एकत्र येत होती. भोंगा वाजला. चाचांनी हात पुढे केला.

"दे बाबा परत. आज घरी कबाब आहेत."

मी दिली. पुढल्या आठवड्यात हळदीला गेलो. नवऱ्याचे दात सगळे शाबूत, फक्त एकावर बारीकसा ओरखडा, कानशीच्या एका फिरवणीचा. पिवळ्या चेहऱ्याने तो जो येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून, अर्धं बोट, सांगत होता, "ह्यो बघा. आमचा दुसरा गाझी."