जगदाळ्यांची काळी गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा. मधेच खिदळलात तर पुढचं सांगायचा धीर मला व्हायचा नाही. इतकी वर्षं झाली, पण अजून रस्त्यात एखादी जुनी काळी गाडी दिसली की मी मान दुसरीकडे वळवतो!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी साताऱ्याकडचा, नोकरीपायी देवासला आलेला. कारखान्यात तपासणी खात्यात होतो. काम एकच, दुसऱ्यांनी केलेल्या मालातली खोट काढायची. दिवसभर तोंडात एकच शब्द, ‘रिजेक्ट’! मला वाटायचं, या डोळ्यांतून जगातलं काही सुटत नाही.

आमची मालती सतवासच्या सरकारी शाळेत बाई होती. चार वर्षांची पोर तिच्यापाशी. शनिवारी दोघी देवासला यायच्या. म्हणजे, बस आली तर यायच्या! कधी घाटात टायर बसायचं, कधी ड्रायव्हर जेवायला म्हणून उतरायचा तो तासभर गायब. एका शनिवारी पोरीला ताप, आणि मालती तिला कडेवर घेऊन अख्खी वाट उभ्यानं आली. दारात टेकली आणि म्हणाली, "दिवाळीला मी बसनं येणार नाही. न्यायचं तर तुम्ही न्यायला या. नाहीतर मी तिथंच पणत्या लावीन."

आता यावर गप्प बसावं ना माणसानं? पण नाही! मी छाती काढून म्हणालो, "गाडी घेऊन येतो."

गाडी! आमच्या घराण्यात तोवर सायकलीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कारखान्याची जीप चालवून हात बसला होता, तेवढंच भांडवल.

आमच्या खात्यातले वर्माजी मदतीला धावले. "अरे भिया, धार में जगदाळे हैं ना, पुराने दरबारी लोग, तुम्हारे मराठी। काली गाड़ी बेच रहे हैं। मैं बोल देता हूँ, इतवार को आदमी आएगा। घर के सामने नीम है, उसी के नीचे खड़ी मिलेगी। एकदम घोड़ा है!"

मी आठ दिवस अभ्यास केला. जुन्या गाडीचा पत्रा कुजला असेल तर भोकात लांबीचा लगदा भरून वर रंग मारतात. तिथं लोहचुंबक चिकटत नाही. म्हणून लोहचुंबक घेतलं. धूर तपासायला पांढरा रुमाल, गळती बघायला खाली अंथरायचा पेपर, टॉर्च, पाने, पक्कड. सगळं एका पिशवीत भरलं, कपडे खराब होणार म्हणून कारखान्याचा खाकी शर्ट चढवला, आणि इंदूरला बस बदलून रविवारी सकाळी धारला हजर.

कडुनिंब सापडला. खाली काळी गाडी. ओट्यावर पांढऱ्याशुभ्र मिशांचे एक गृहस्थ. मी म्हणालो, "जगदाळे आपणच का? मी गाडी बघायला..."

"यावे, यावे! सकाळपासून आपलीच वाट पाहतो आहोत. इंदूरहून ना?"

"हो, इंदूरवरनंच आलो." खोटं थोडंच होतं? बस तिथंच बदलली होती!

हे भाऊसाहेब जगदाळे. काय ते मराठी, वा! आम्ही देवासवाले निम्मं हिंदीत बोलणारे. इथं ‘आमचे तीर्थरूप’, ‘आपली आज्ञा’. मी अर्धा तिथंच विरघळलो.

पिशवी उघडून कामाला लागलो. लोहचुंबक दाराला लावलं, पडलं. बोनेटला लावलं, पडलं. खाली अंथरलेल्या पेपरवर बघता बघता तेलाचा नकाशा उमटला. पण भाऊसाहेब काही लपवत होते म्हणता? छे!

"ब्रेकचे म्हणाल, तर नावाला आहे," ते स्वतःहून म्हणाले. "तिसरा गिअर पडत नाही. पडला तर निघत नाही. पावसात आत छत्री उघडावी लागते."

"आणखी काही?"

"आहे की! मांडवगडच्या चढावर एकदा ती आपल्या मनाने मागे गेली. आत आमच्या सूनबाई होत्या. तेव्हापासून त्या आमच्याशी मोजकेच बोलतात."

मी थक्क! विकणारा माणूस आपल्या तोंडानं एवढे दोष सांगतो? असा माणूस फसवेल? बारा वर्षं खोटं बोलणाऱ्या ठेकेदारांशी माझी गाठ होती हो. मला भरून आलं. मनात म्हटलं, गाडी गेली खड्ड्यात, माणूस खात्रीचा आहे ना, बस!

समोरच्या ओट्यावर आणखी एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. तशाच मिशा, फक्त थोड्या काळ्या. तीन तास ते माझ्याकडे बघत होते. दोनदा खाकरले. एकदा उठून उभेही राहिले, पण भाऊसाहेबांकडे नजर जाताच परत बसले. त्यांच्याही अंगणात काळं काहीतरी कापडाखाली झाकलेलं होतं. या डोळ्यांतून काही सुटत नाही म्हणालो ना? सुटलं नाही. दिसलं, पण विचारलं नाही!

"पैशांचं कसं?" मी भीत भीत म्हणालो.

"आत्ता कसले पैसे? गाडी घेऊन जा. दिवाळीपर्यंत ठेवा. आपले समाधान झाले की मग बोलू. कागद गाडीतच आहेत. गाडी जिथे असेल तिथला पत्ता तेवढा लिहून द्या."

असा विक्रेता तुम्ही पाहिलाय कधी? मी वाकून नमस्कारच केला. ते जरा चपापले, पण आशीर्वाद दिला.

धार ते देवास हा प्रवास मला विचारू नका. घाटाबिल्लोदच्या अलीकडे तिसरा गिअर पडला, तो देवासपर्यंत निघाला नाही. इंदूरच्या गर्दीतून मी ब्रेकशिवाय, हात बाहेर काढून "हटो भिया, हटो!" ओरडत गेलो.

देवासच्या रशीद मिस्त्रींनी बोनेट उघडलं आणि हळूच परत लावलं. "साब, किसने दी?"

"बहोत शरीफ आदमी है."

"शरीफ होंगे साब. गाड़ी नहीं है."

पण मी हटणार थोडाच! मनाशी म्हटलं, दोष सगळे माहीत आहेत, एकेक काढू. पंधरा दिवस मी आणि रशीदभाई त्या गाडीखाली आडवे. ब्रेक नवे, क्लच नवा, गिअरबॉक्स खोलून परत बसवला. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. दिवाळीचा बोनस त्या गाडीत कुठं विरघळला ते कळलंही नाही. पण सांगतो, शेवटी ती अशी चालायला लागली, की रशीदभाईंनी स्वतः नारळ आणला. मी मालतीला पोस्टकार्ड टाकलं, ‘शनिवारी दुपारी गाडी घेऊन येतो. तयार राहा.’

शनिवारी सकाळी गाडीला झेंडूचा हार घालतोय, तोच रिक्षातून भाऊसाहेब उतरले.

गाडीभोवती फिरले. दार उघडून लावलं. आत बसून तिसरा गिअर टाकला, काढला, पुन्हा टाकला. डोळे पाणावले त्यांचे. "धन्य आहात! आमचे तीर्थरूप असते तर आपणांस शेला पांघरवला असता. बोला, मजुरी किती झाली?"

"मजुरी? कसली मजुरी?"

"दुरुस्तीची."

"भाऊसाहेब, मी... मी ही गाडी विकत घेतोय ना?"

"विकत? तीर्थरूपांची गाडी? विकतो आहे कोण?"

मी वर्माजींचं नाव सांगितलं, निरोप सांगितला. भाऊसाहेब हळूहळू रिक्षाला टेकले. "अहो, ती समोरच्यांची! कडुनिंब दोन्ही घरांसमोर पडतो, त्या दिवशी खाली आमची होती. आमच्या धाकट्या बंधूंची. तीर्थरूपांनी दोघांना सारख्या दोन गाड्या दिल्या होत्या. आम्ही इंदूरच्या मिस्त्रीची वाट पाहत होतो. तो दुसऱ्या दिवशी आला, तर आम्ही त्याला तोतया म्हणून हाकलला!"

"पण समोरचे तीन तास बघत होते! मला हाक का नाही मारली?"

"आमच्या दारातल्या माणसाला ते हाक कशी मारतील? चौदा वर्षे आमचे बोलणे नाही."

"मग... त्यांची गाडी आहे अजून?"

"छे! मागच्याच आठवड्यात कुक्षीच्या एका वकिलांनी नेली. सुरेख गाडी हो. तिला कधी काही म्हणजे काही झाले नाही."

पण भाऊसाहेब खरंच सज्जन. झालेला खर्च त्यांनी हट्टानं माझ्या हातात ठेवला, वर रशीदभाईंना मिठाईचा पुडा. मग हारासकट गाडीत बसले आणि गेले. माझी गाडी गेली! आवाजसुद्धा करत नव्हती हो, इतकी छान गेली.

मी पळत बसस्टँड गाठला. जागा मिळाली ती टपावर, कोथिंबिरीच्या गोणीशेजारी. सतवास येईतो दुपार टळली होती.

आणि स्टँडवर बघतो तर काय! मालती नवं पातळ नेसून उभी. पोर रिबिनी बांधून. हेडमास्तर, दोन बाया, शिपाई, शाळेची पंधरा-वीस मुलं, आणि एकीच्या हातात गाडीला ओवाळायचं ताट! मालतीनं पोस्टकार्ड अख्ख्या शाळेला वाचून दाखवलं होतं.

मी शिडीनं खाली उतरलो. केसांत कोथिंबीर.

हेडमास्तर बसच्या मागे वाकून बघत म्हणाले, "अरे साब, गाड़ी पीछे आ रही है क्या?"

मालतीला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, पोरीला कडेवर उचललं, आणि ज्या बसनं मी आलो होतो त्याच बसकडे चालायला लागली.

"अगं, बसनं येणार नव्हतीस ना?"

ती पायरीवर थांबली. म्हणाली, "येते बसनंच. ती उशिरा येते, बंद पडते, सगळं खरं. पण ही बस कुणाची आहे, ते निदान त्या ड्रायव्हरला तरी माहीत असतं."