चांदी देऊन आणलेला फोटो

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझं फ्रेमचं दुकान आहे आणि तीस वर्षांत देव आणि मेलेली माणसं यांच्याशिवाय मी फारसं काही काचेआड घातलेलं नाही. देव रंगीत असतात, मेलेले पासपोर्ट साइजवरून मोठे केलेले असतात. दोघांची पद्धत एकच. फोटो, त्यावर काच, मागे हार्डबोर्ड, चार खिळे. हे काम कोणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. गोदाबाईनं मात्र शिकवलं आणि मी मुकाट्यानं शिकलो, म्हणून लिहायला बसलो आहे.

गोदाबाई जवळच्या भरवेलीची, खाणीच्या गावची. पंचवीस वर्षं ती खाणीबाहेरच्या पटांगणात मँगनीजचे दगड निवडायची. हातात लहान हातोडी, समोर ढीग. दगड फोडायचा, काळा माल एकीकडे टाकायचा, कचरा दुसरीकडे. शेजारी रोज लीलाबाई असायची. डबा, भांडणं, गोदाबाईच्या पोरींच्या सोयरिकी, सगळं त्या ढिगापाशीच उरकायचं. मग मशिनी आल्या, निवडणं बंद झालं, आणि एका पावसाळ्यात लीलाबाई तापानं गेली. तिला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. तिचा एकही फोटो मागे राहिला नाही, कारण काढणार तरी कोण?

दोन वर्षांपूर्वी थंडीत नागपूरच्या रचनाताईंनी इथल्या सभागृहात फोटोंचं प्रदर्शन भरवलं. तरुणपणी त्या रीळवाला कॅमेरा घेऊन खाणीबाहेरच्या पटांगणात येऊन गेल्या होत्या. फोटो टांगायचं काम माझ्याकडे होतं. सगळे काळे-पांढरे. एवढी शिकलेली बाई, पण रंगाला कंजुषी केली वाटतं, असं मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी गोदाबाई नातीला घेऊन आली. नातीचं नाव खुशी, कॉलेजात शिकते. गोदाबाईनं चपला दाराबाहेर काढल्या आणि एकेक फोटो बघत तिसऱ्यापाशी थांबली. त्यात दोन बायका होत्या. खाली डाव्या कोपऱ्यात दगडावर वाकलेली गोदाबाई स्वतः, आणि उजवीकडे लीलाबाई, हातोडी उगारून तोंडभर हसणारी. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती नाक टेकेल इतकी जवळ गेली आणि दगड बघायला लागली.

“हा माल एक नंबर हाय,” ती खुशीला म्हणाली. “आन् हा मांगचा हलका. यात पांढरा गोटा हाय. हे आमी फेकत होतो.”

रचनाताई जवळच उभ्या होत्या. त्या धावत आत गेल्या आणि नुसत्या ढिगाच्या एका फोटोच्या दोन प्रती घेऊन आल्या. “मावशी, यातली चांगली कोणती?”

गोदाबाईनं क्षणभरही वेळ लावला नाही. “ही. त्या दुसऱ्यातला माल राखेवानी दिसून राह्यला. हिच्यात वजन हाय.”

रचनाताई खुर्चीवर बसल्याच. तो काळा रंग त्या वजनाचा उतरावा म्हणून त्यांनी फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत महिना घालवला होता, आणि आजवर हा फरक कोणीही ओळखला नव्हता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मला तर दोन्ही प्रती जुळ्या भावांसारख्या वाटल्या होत्या. मग मी पुन्हा बघितलं, नीट, गोदाबाईच्या खांद्यावरून. केसांचा काळा वेगळा होता, लुगड्याचा वेगळा, सावलीचा वेगळा, आणि दगडाचा तर हात लावला तर गार लागेल असा. तीस वर्षं मी फोटोंवर काचा ठोकत होतो आणि फोटो एकदाही बघितला नव्हता.

रचनाताई तो दोघींचा फोटो तिला असाच द्यायला निघाल्या. गोदाबाई ऐकेना.

“फुकट काहून? तू कष्ट केले ना, पोरी.”

दुसऱ्या दिवशी तिनं पायातले चांदीचे तोडे आणून टेबलावर ठेवले. रचनाताईंचे डोळे भरून आले. त्यांनी सांगितलं की या कागदावरचा काळा म्हणजे खरी चांदीच असते, डोळ्यांना न दिसणारे तिचे बारीक कण. गोदाबाई खुदकन हसली. “मंग बरोबर झालं. चांदी देल्ली, चांदी घेतली.”

फोटोच्या मागे पेन्सिलीनं सही केलेली होती. या एका फोटोची निगेटिव्ह बुरशीनं खाल्ली होती. म्हणजे पुन्हा छापणं नाही, जगात ही एकच प्रत. रचनाताईंनी एक कागद लिहून दिला, आणि खुशीनं तो माझ्या दुकानात मोठ्यानं वाचला. हात धुऊन कडेनंच धरायचा. गोंद लावायचा नाही. काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून फट ठेवायची. ऊन नको, ओली भिंत नको.

“तेजराम, समदं तसंच कर हं,” गोदाबाई म्हणाली.

“काकी, आता मी का नवा हाओ?” मी फणकारलो. गोंदाचं ऐकलं. फटीचं ऐकलं नाही, कारण फट ठेवली की कागदाला पोक येतो आणि दिसायला वाईट दिसतं असा माझा हिशेब होता. काच सरळ फोटोवर बसवली आणि छाती पुढे काढून चौकट तिच्या हातात दिली.

घरी वेगळाच पेच उभा राहिला. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालायची रीत. पण या फोटोत जिवंत गोदाबाईही होती आणि तिलाही हार पडला असता. खुशी आजीवर चिडली. मग आजीनं तोड काढली. अर्धाच हार, लीलाबाईच्या बाजूला, उजव्या खिळ्यावर. रोज ताजी शेवंती किंवा झेंडू, आणि फुलं टवटवीत राहावीत म्हणून रोज सकाळी त्यांच्यावर पाण्याचा शिपका. ते पाणी काचेवरून उतरून चौकटीच्या खाचेत जात राहिलं. चौकट जराशी डावीकडे झुकलेली होती, म्हणून सगळं डाव्या कोपऱ्यात साचत राहिलं.

पोळ्याच्या सुमारास गोदाबाई चौकट पदरात गुंडाळून दुकानात आली. फोटोचा खालचा भाग काचेला घट्ट चिकटला होता, पार लीलाबाईच्या हनुवटीपर्यंत. मी नखानं कड उचलायला गेलो तर बारीकसा आवाज झाला. मी हात मागे घेतला. सगळी चूक माझी होती आणि ते तिलाही कळत होतं.

रचनाताईंना फोन लावला. त्यांनी कुठं किती चिकटलं ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, हे कागद पाण्यातच जन्माला येतात, पाण्यातच सुटले तर सुटतील. काचेसकट स्वच्छ पाण्यात ठेवा. ओढू नका. सुटेलच, असं मी सांगू शकत नाही.

मी फ्रेमच्या पट्ट्या ठोकून उथळ पेटी केली, आत प्लास्टिक अंथरलं आणि बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचे डबे आणून त्यात ओतले. फोटो पाण्यात गेला. तासभर काहीच झालं नाही. माझे हात शिवशिवत होते. एकदा मी बोट घातलंच, तर गोदाबाईनं माझं मनगट धरलं.

“घाई करू नोको. दगडातून माल काढाले बसलो का आमी अशेच बसत होतो. जोर लावला का चुरा होते.”

दुपार उलटली. मग लीलाबाईच्या हनुवटीखाली काचेच्या आत पाण्याची एक चमकती रेघ दिसली. ती हळूहळू खाली सरकत गेली, गळा, खांदा, हातोडीचा हात. जिथं जिथं पाणी शिरलं तिथं काळा जिवंत होत गेला, खोल होत गेला. लीलाबाई पाण्याखालून आमच्याकडे बघून हसत होती. गोदाबाईनं दोन्ही हात आत घातले आणि कड धरून, ओढल्याशिवाय, नुसता आधार देत कागद मोकळा करून घेतला. दगडानं घट्टे पडलेले ते हात इतके हलके असतील असं मला वाटलं नव्हतं.

फक्त डावा कोपरा आला नाही. कागदावर तिथं पांढरा डाग राहिला आणि वाकलेल्या गोदाबाईचं तोंड काचेवरच चिकटून राहिलं.

मी रडलो, खोटं कशाला बोलू. “काकी, तुमचंच तोंड गेलं हो.”

ती ओल्या हातांनी लीलाबाईला मच्छरदाणीवर सुकायला ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, “मले पाहाले घरी आरसा हाय, बाबू. तिले पाहाले हेच होतं.”

आता तो फोटो तिच्या घरी आतल्या कोरड्या भिंतीवर आहे, मधे बोटभर फट ठेवून. हार नाही. खुशीनं शिवलेला पडदा आहे, रोज थोडा वेळ उघडतात. ती काच मी मागून घेतली. गोदाबाईच्या तोंडासकट ती माझ्या दुकानात माझ्या खुर्चीसमोर उभी आहे. दुकानातल्या सगळ्या काचा मी रोज पुसतो, ही तेवढी पुसत नाही.