एक जूनची मुलगी

दुष्काळाच्या त्या वर्षी श्रीरामपूरजवळच्या आमच्या साखर कारखान्याला ऊस मिळेना आणि आमच्या यांना आफ्रिकेत नोकरी मिळाली. हे केमिस्ट होते. तिकडच्या कारखान्यानं राहायला बंगला, गाडी आणि दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा खर्च कबूल केला होता. फक्त मुलांना कोणत्या शाळेत घालणार ते आम्ही आधी कळवायचं होतं. शाळा निवडायची असते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे गावात असेल ती शाळा आपली, आणि असतील ते गुरुजी आपले.

पत्राबरोबर दोन पुस्तिका आल्या. एक होती राजधानीतल्या इंटरनॅशनल स्कूलची. ती शाळा कारखान्यापासून दिवसभराच्या अंतरावर, म्हणजे मुलांनी वसतिगृहातच राहायचं. दुसरी कारखान्याच्या वसाहतीतली, दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, घरापासून चालत जाण्यासारखी.

इंटरनॅशनलची पुस्तिका गुळगुळीत कागदाची होती. आजूबाजूच्या क्वार्टरांतली सारी माणसं ती बघायला लोटली. शेजारीण म्हणाली, तिथे सगळ्या देशांच्या भाषा शिकवत असतील, तुमची पोरं मग आपल्याशी कशाला बोलतील! माझे सासरे त्या वर्षी शेवगावकडच्या गावातलं पाणी आटलं म्हणून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी चष्मा लावून एकच चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. हिरव्यागार मैदानावर गोरी मुलं चेंडूमागे पळत होती.

"सूनबाई, एवढं गवत? आन नुसतं खेळायला?" ते म्हणाले. "हितं आपली जनावरं चाऱ्याच्या छावनीत हायेत."

माझं मत कोणी विचारलं नाही, तरी मी सांगितलं. मुलं संध्याकाळी घरी आली पाहिजेत. जगातली सगळ्यात चांगली शाळा असली, तरी संध्याकाळी मूल घरी येत नसेल तर ती मला नको. यांनाही ते पटलं. वसाहतीतली शाळा ठरली, दाखल्यांच्या नकला पाठवल्या आणि मी निर्धास्तपणे पापड लाटायला बसले.

उत्तर आलं, ते फार सभ्य इंग्रजीत होतं. यांनी वाचून दाखवलं. मुलाला प्रवेश दिला आहे. मुलीला मात्र अकरा वर्षं पूर्ण झाली असल्यामुळे ती या शाळेत बसत नाही, तिच्यासाठी इंटरनॅशनल स्कूलच योग्य.

माझी मुलगी नऊ वर्षांची होती.

हे कसं झालं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो. शाळा जूनमध्ये उघडते, मूल सहा वर्षांचं लागतं, म्हणून गुरुजी सहा वर्षं मागे मोजतात आणि एक जून लिहून मोकळे होतात. धाकटा पोटात असताना माझी तब्येत अगदी तोळामासा झाली होती. मी काही दिवस सासरी राहिले होते. चार वर्षांची ही पोर दिवसभर माझ्या पदराला लोंबकळायची. मला विसावा मिळावा म्हणून सासऱ्यांनी तिला उचललं आणि शाळेत नेलं. गुरुजींनी नेहमीची परीक्षा घेतली: डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की सहा वर्षं पूर्ण. हात तिचे आजोबांसारखे लांब! तिनं कान धरला, सगळे हसले, आजोबांनी शाळेत गूळ वाटला. धाकटा कारखान्याच्या दवाखान्यात जन्मला, तिथल्या नर्सनं खरी तारीख लिहिली, म्हणून तो सुटला.

मी तडक सासरच्या गावी जाऊन गुरुजींना गाठलं. त्यांनी चहा मागवला.

"वहिनी, माजी बी एक जूनच हाय," ते म्हणाले. "मंडळींची बी तीच. आजवर कुनाचं काय अडलं का?"

"माझं अडलंय," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला. दाखल्यावरची तारीख आता त्यांच्या हातात नव्हती. तिच्या जन्माचा दुसरा पुरावा काय, तर माझ्या माहेरच्या अंगणात त्या दिवशी गाय व्याली होती. गावात जन्माची नोंद करायचं माझ्या भावाकडून राहूनच गेलं होतं. त्यात त्याच दाखल्यावर पासपोर्ट निघालेला. आता तारीख खोटी म्हणावी तर पासपोर्टही खोटा ठरणार आणि जाणंच बोंबलणार. इकडे आड, तिकडे विहीर.

मुंबईला लस टोचायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी तिला सहज वय विचारलं. ती म्हणाली, नऊ. डॉक्टरांनी पासपोर्टकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "लहान आहे, गोंधळते," असं काहीतरी म्हणून यांनी वेळ मारून नेली. त्या दिवसापासून घरात तिची तालीम सुरू झाली. कोणी वय विचारलं तर काय सांगायचं? अकरा. पोर शहाणी, एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागायचं नाही.

मग उरली इंटरनॅशनल स्कूल. तिथे प्रवेशाचा पेपर इंग्रजीतून, आणि हिचं इंग्रजी मांजर आणि उंदराच्या पुढे गेलेलं नव्हतं. शिवाय अकरा-बारा वर्षांच्या मुलींमध्ये ही नऊ वर्षांची, परक्या मुलखात, आमच्यापासून दिवसभर दूर. हे म्हणाले, वर्षभर श्रीरामपूरला मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात ठेवू, इंग्रजी पक्कं होईल, मग घेऊन जाऊ. मी म्हणाले, मीच राहते मागे. पण क्वार्टर सोडायचा होता, गावाकडे पाणी नव्हतं आणि पाच वर्षांच्या धाकट्याला तिकडे सांभाळणार कोण? चार दिवस मी भांडले आणि पाचव्या दिवशी तिची ट्रंक भरायला घेतली.

भरता भरता सगळा राग सासऱ्यांवर निघाला. "मामंजी, तुम्ही माझी पोर दोन वर्षं आधीच मोठी केलीत!"

ते दारात बसले होते. तिथूनच म्हणाले, "मला वाटलं, पोरगी पुडं जाईल."

मी त्यांना चहा करून दिला. माझा राग कुठेच ठेवता येईना, याचंच मला रडू येत होतं.

बोर्डिंग स्वच्छ होतं. सिस्टर मराठी बोलणाऱ्या, हसऱ्या. त्यांनी सगळं दाखवलं. खालच्या खोलीत दहा वर्षांपर्यंतच्या मुली, त्यांच्याजवळ रात्री एक बाई झोपायची. माडीवर मोठ्या मुली, त्या आपल्या आपण राहायच्या. मला ती खालची खोली पाहून जरा धीर आला.

"हिचं वय?" सिस्टरांनी विचारलं.

"नऊ," मी म्हणाले. हे चपापले.

सिस्टरांनी दाखला पाहिला. "इथे तर अकरा आहे," त्या म्हणाल्या आणि वाकून माझ्या मुलीला प्रेमानं विचारलं, "तू सांग बाळ. किती वर्षांची तू?"

मी तिच्याकडे पाहत होते. खरं सांग, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण हे शेजारी उभे होते आणि चौघांचे पासपोर्ट त्यांच्या पिशवीत होते.

ती ताठ उभी राहिली. "अकरा," ती म्हणाली.

माडीवरची एक मोठी मुलगी येऊन तिची ट्रंक घेऊन गेली. ही तिच्यामागे निघाली, जिन्याच्या दोन पायऱ्या चढली आणि पळत परत आली. माझी मान खाली ओढून कानात म्हणाली, "आई, बरोबर सांगितलं ना?"

"हो," मी म्हणाले. "शाबास."