एस्तेरला मी जाऊ दिलं

त्या दोन वर्षांत कुणी ‘देवावर सोपव’ म्हटलं की मला राग यायचा. माझी एकुलती एक मुलगी, एस्तेर, अकरा वर्षांची होती. सांध्यांच्या तापानंतर तिच्या हृदयाची झडप खराब झाली, आणि आता शस्त्रक्रिया पेलणार नाही असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. मग सोपवायचं म्हणजे काय, हात झाडून बसायचं? मी नगरच्या एका शाळेत शिक्षिका. वर्गातली शिस्त मी घरात आणली. गोळ्या घड्याळाच्या काट्यावर, जेवण अळणी, दोरीवरच्या उड्या बंद, जिना बंद, शेवटी तिची शाळाही बंद. प्रार्थना मी रोज करायची, पण ती देवाला बजावल्यासारखी. एस्तेर हट्ट करत नसे. खिडकीशी बसून रस्त्यावरची मुलं बघायची आणि माझी चाहूल लागली की पुस्तक उघडायची.

माझं माहेर जामखेडकडचं. तिथे बाजरीची सुगी झाली की चर्चमध्ये हंगामाची उपासना असते. जो तो आपल्या शेतातलं पीक आणून वेदीपुढे ठेवतो. आजारापूर्वी एस्तेर आजीबरोबर कणसांची पेंढी घेऊन जायची. त्या वर्षी तिने एकदाच विचारलं, “आई, या वेळी जाऊ या?”

“रस्ता खराब आहे, धूळ आहे. बरी झालीस की जाऊ.”

यांनी, माझ्या नवऱ्याने, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात तपासणीला गेलो. एस्तेरला छातीचा फोटो काढायला आत नेलं, हे तिच्याबरोबर गेले, मी बाहेर बाकावर बसले. शेजारी निळ्या लुगड्यातली एक म्हातारी होती.

“लेक व्हय?” तिने विचारलं.

मी आजार सांगितला.

“माझ्या नातवाचंबी असंच हुतं. लई जपला म्या त्याला. अंगनातबी सोडला न्हाई.”

“मग?”

“गेला. आता डोळं मिटलं की त्यो दारात उभा दिसतो, भाईर बघत. खेळताना कसा दिसायचा, ते मला ठावंच न्हाई, बाई.”

आतून तिला हाक आली. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, “येते, जयभीम,” म्हणाली आणि गेली. मी तिचं नावही विचारलं नाही. एस्तेर बाहेर आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

यांनी डॉक्टरांना गावी जाण्याबद्दल विचारलं. “जाऊन या,” ते म्हणाले. “घरी ठेवून आता वेगळं काही व्हायचं नाही.” त्या बोलण्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

उपासनेच्या दिवशी एस्तेरने पाच कणसं हातात घेतली आणि वेदीकडे निघाली. मध्येच ती थांबली, बाकाला धरून उभी राहिली. तिचे ओठ निळसर दिसत होते. मी उठले, आणि कशी कोण जाणे, पुन्हा बसले. ती आपल्या पायांनी पुढे गेली. नंतर सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. त्यातलं ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य मी दोन वर्षं ओठ मिटून टाळत आले होते. त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघालं. दुपारी अंगणात तिची मामेभावंडं लपंडाव खेळली. एस्तेर पायरीवर बसून आकडे मोजत होती आणि लपलेल्यांना खुणेने सावध करून हसत होती.

नाताळ झाला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी तिचा हात धरून बसायची. एका दुपारी ती म्हणाली, “आई, हात सोड ना, घाम आलाय.” मी हात सोडला, पदराने पुसला आणि चादरीवर ठेवला. ती कुशीवर वळून झोपली. ती पुन्हा उठली नाही.

तो हात सोडला म्हणून मी स्वतःला फार दिवस माफ केलं नाही. पुढे हळूहळू समजलं, धरला असता तरी ती गेलीच असती, पण कासावीस होऊन. ज्याने मला ती दिली त्याच्याकडेच ती गेली. मी अजून रडते, आणि त्याचे उपकारही मानते. आता डोळे मिटले की ती मला पायरीवर दिसते, ऊन लागू नये म्हणून कपाळावर आडवा हात धरून हसताना.