बळीरामच्या तोंडाचा वास

मी इंदूबाई. माहा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते; मागून कोणी कुजबुजायची गरज नाई. दारूच्या बाबतीत तर मी घरातल्या कोणालेच सोडलं नाई. छप्पन साली आमच्या बाबानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरी येऊन बाटली नालीत रिकामी केली, आन मरेपर्यंत पुन्हा हात लावला नाई. पण त्याच्या आधीची चौदा वर्षं मी त्या दारूचा मार खाल्ला होता. तेव्हापासून संध्याकाळी जो घरात पाय ठेवते त्याच्या तोंडाचा वास मी घेते. माहा नवरा जिवंत होता तोवर त्याचाही घेतला. हसा खुशाल.

बळीराम माहा लहान भाऊ. कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवे. वस्तीत कोणाचं लग्न असो की नामकरण, पंचशील द्याले लोक त्यालेच उभं करत, कारण दारू शिवलेल्या माणसानं तिथं उभं राहू नये हा आमच्या वस्तीचा कायदा. मी विधवा झाल्यावर पोरीले, शामलाले, घेऊन त्याच्याच घरी आली. त्यानं आन त्याच्या बायकोनं, प्रेमिलानं, एका शब्दानंही मले परकं केलं नाई. पुढे मी काय केलं ते ऐकाल, तेव्हा हेही ध्यानात ठेवा.

शहात्तरच्या थंडीत तो कामावर जायचा बंद झाला. ताप नाई, खोकला नाई. आंघोळ नको, जेवण नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहे आन डोळ्यांतून पाणी गळे. म्हणे, ‘बाई, मी कोणाच्याच कामाचा नाई.’ मी म्हणलं, सोंग आहे, साच्याचा कंटाळा आला असन. प्रेमिला तशी मुकी गाय, पण तिनं त्याचा हात धरून त्याले सरकारी दवाखान्यात नेलं. येताना गोळ्यांची पुडी आणली.

‘कायच्या वं गोळ्या?’ मी विचारलं.

‘ताकदीच्या,’ ती म्हणाली, आन नजर खाली. तिथंच माह्या मनात पाल चुकचुकली.

दोन हप्ते काहीच फरक नाई. चौथ्या हप्त्यात त्यानं स्वतःहून भाकर मागितली, संगं मिरचीचा ठेचा. दोन महिन्यांत तो कामावर गेला. मी खुश झाली, नाई कशाले म्हणू? पण बाप्पा, माणूस बरा झाला तरी गोळ्या काही संपेनात! सहा महिने झाले, वर्ष झालं, दोन वर्षं झाली. दर महिन्याले दवाखाना, आन रोज झोपायच्या आधी पाठ फिरवून काहीतरी तोंडात. धडधाकट माणसाले ताकद लागते तरी किती? मी सारं पाहून राहिली होती. त्याचं तोंड कोरडं पडे, लोटाभर पाणी एका दमात पिऊन टाके. बशीतला चहा त्याच्या हातात हिंदकळे. सकाळी उठायले जड जाय. ही सारी लक्षणं मी बाबाजवळ पाहिली होती. मी वास घेतला. नाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. नाई. माह्या नाकावरचा माहाच भरवसा उडाला.

शेवटी एकोणऐंशीच्या जानेवारीत मी पदरात तोंड लपवून त्याच्या मागं मागं दवाखान्यात गेली. तो एका दारासमोर रांगेत बसला. शिपायाले विचारलं, ‘इथं काय पाहतात गा?’

‘डोस्कं,’ शिपाई म्हणाला.

घरी येऊन मी प्रेमिलाले कोपऱ्यात घेतलं. ती कबूल झाली. मन खचायची बीमारी आहे, तिच्या गोळ्या आहेत, दोन वर्षांपासून चालू आहेत. आता माह्या डोक्यातला हिशोब साधा होता. जी गोष्ट खाल्ल्यावर माणसाचं मन बदलते ती नशा. आन मार्चमध्ये शामलाचं लग्न होतं, पंचशील तिचा मामाच देणार होता.

संध्याकाळी तो गिरणीतून आला तशी मी त्याले धरलं. ‘बाबानं नालीत ओतली ते काय तू पुडीत बांधून घरात आणाले? रोज नशा करतो, आन नशा न करण्याचं शील माह्या पोरीले तू देशील?’

त्यानं हातातला डबा खाली ठेवला. मंग हळूच म्हणाला, ‘बाई, ही नशा असन का वं?’

पाहा, त्या बिचाऱ्याच्या मनातही तीच शंका बसली होती! डाक्टरले विचारायची गोष्ट त्यानं मले विचारली. आन मी, चौथी पास, छातीठोकपणे सांगितलं, ‘हाव. नशाच.’

त्याच दिवसापासून त्यानं गोळ्या बंद केल्या. प्रेमिलालेही सांगितलं नाई. थोड्याच दिवसांत त्याचं तोंड कोरडं पडेनासं झालं, बशी हलेनाशी झाली. मी मनात म्हणलं, इंदू, तुह्या एका शब्दानं भाऊ सुधरला. फेब्रुवारीच्या शेवटी त्याचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. मी म्हणलं, लग्नाची धावपळ आहे.

लग्नाच्या दिवशी मांडव भरलेला. नवरदेवाकडचे नंदनवन वस्तीतून आले होते, सारे पांढऱ्या कपड्यात. बळीराम माइकसमोर उभा राहिला. त्यानं आधी तिसरण, म्हणजे त्रिशरण, म्हणलं. पहिलं शील म्हणलं, लोकायनं मागून म्हणलं. दुसऱ्या शीलाले त्याचा आवाज थांबला. ओठ हलून राहिले होते, शब्द नाई. मंग उभ्या उभ्या त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहाले लागलं, आन माइकचा दांडा धरून तो खालीच बसला.

‘पिऊन आला,’ मागून कोणीतरी म्हणलं. झालं! मांडवभर तेच. विहाराचं सारं पाहणारे देवराव पुढे आले. ‘काहून गा बळीराम, आजच्या दिवशी?’

मी धावली. त्याले उठवायच्या निमित्तानं त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. दारू नव्हती. उपाशी माणसाच्या तोंडाले येते तेवढा आंबूस वास होता. मी त्याचा चेहरा पाहिला. शहात्तरच्या थंडीतलाच चेहरा होता तो.

‘काय झालं हो इहीणबाई?’ मागून शामलाची सासू, प्रयागबाई, विचारून राहिली होती.

आता सांगते ते मले आजही सांगवत नाई. मामा दारुडा निघाला तर पोरीचं लग्न मोडत नाई. घराण्यात डोक्याची बीमारी आहे म्हणलं की मोडते. माह्या डोक्यात हे एका क्षणात फिरून गेलं, आन मी म्हणलं, ‘काय सांगू बाई, घेतली असन थोडी.’

बळीरामनं ऐकलं. माह्याकडे एकदा पाहिलं आन मान खाली घातली. उरलेलं लग्न देवरावनं लावलं.

पाहुणे गेल्यावर प्रेमिला माह्यासमोर येऊन उभी राहिली. कधी उलट उत्तर न देणारी ती बाई आज बोलली. ‘तुमच्या सांगण्यावरून त्यायनं गोळ्या सोडल्या. मले आज सांगितलं. माणूस हातचा गेला तर तुम्ही आणून द्याल का?’ तिनं मले दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दोघीही त्याले घेऊन दवाखान्यात गेलो. डाक्टर तरणा होता आन चिडका. मी सरळ विचारलं, ही नशा आहे का?

‘नशेवाल्याला मात्रा वाढवत न्यावी लागते,’ तो म्हणाला. ‘हा दोन वर्षं तेवढ्याच गोळ्यांवर आहे. आणि तुमच्या घरात तुम्ही दारू पाहिली आहे ना? बहिणीच्या एका शब्दावर कोणी सोडली होती का?’

आमच्या बाबाले सोडायले तर बाबासाहेबांची दीक्षा लागली होती.

डाक्टरनं बजावलं, तोंड कोरडं पडणं, हात हलणं हे गोळीचंच आहे. त्रास वाढला तर मला सांगा, मी मात्रा पाहीन. पण बरं वाटतं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. ‘किती दिवस?’ प्रेमिलानं विचारलं. ‘दुसऱ्यांदा आजारी पडला आहे. आता बरीच वर्षं धरून चाला.’

बळीरामनं एकच विचारलं, ‘मंग मी शील देऊ शकतो ना?’

‘ते मला माहीत नाही,’ डाक्टर म्हणाला. ‘हे औषध आहे, एवढं मी लिहून देतो.’

आज ब्याऐंशी साल चालू आहे. तो अजूनही गोळ्या घेते, साचे चालवते, दर महिन्याले दाखवून येते. पण तेव्हा, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या तसा, माहा संशय उलटा फिरला होता. मले वाटे, हा गोळी जिभेखाली दाबून नंतर थुंकते. ‘आ कर,’ मी रोज म्हणे. तो मुकाट्यानं तोंड उघडे. पाचव्या हप्त्यात एकदा तो म्हणाला, ‘बाई, म्हैस विकत घेऊन राहिली का? दातही मोजून घे.’ किती महिन्यांनी त्यानं मले चिडवलं होतं! मी मोरीत जाऊन खूप रडली.

त्याच एकोणऐंशीची बुद्धपौर्णिमा आली. विहार भरला. देवराव म्हणाले, ‘यंदा दुसऱ्याले उभं करू. लोक बळीरामची शंका घेतात.’ बळीराम मागं चपलांजवळ बसला होता. शामला सासरच्यांसंगं आली होती, प्रयागबाई तिच्या बाजूले. मी उठली.

‘त्या दिवशी त्यानं घेतली नव्हती. मी वास घेतला होता, मले माहीत होतं. त्याले मन खचायची बीमारी आहे. गोळ्यांवर तो ठणठणीत होता, त्या मी बंद करवल्या. पोरीचं लग्न मोडन म्हणून मी माह्या भावाले दारुडा म्हणलं. खोटं मी बोलली. त्यानं कोणतंच शील तोडलं नाई.’

देवरावनं चष्मा पुसला आन हातानं बळीरामले पुढे बोलावलं. त्यानं पाची शीलं दिली. पाचव्याले, नशेच्या शीलाले, आवाज जराक कापला, पण निघाला.

खीर वाटायले सुरुवात झाली तशी प्रयागबाईनं माहा हात धरला आन मले विहारामागं नळाजवळ ओढत नेलं. मी समजली, आता ही पोर परत पाठवते. ‘इहीणबाई, शामलाचा यात काही दोष नाई, मीच...’

‘चूप बसा ना बाई.’ तिनं मागं वळून कोणी येत तर नाई ना पाहिलं. ‘तो डाक्टर कोण्या वारी बसते?’

‘कोणासाठी?’ मी विचारलं. संशयानंच विचारलं, खोटं काहून बोलू?

तिनं पाण्याचा आवाज व्हावा म्हणून नळ सोडला.

‘माह्यासाठी,’ ती म्हणाली. ‘घरी सांगू नका.’