भाता शोधणारा हात

गिटारशिवाय रॉक होत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं? हायडेलबर्गच्या एका छोट्या क्लबात आम्ही एक ब्रिटिश बँड ऐकला. त्यात गिटार नव्हतीच, सगळा भार पियानोवर. वर्षभरात त्यांची गाणी प्रत्येक रेडिओवर वाजू लागली.

पुण्याहून पीएचडीला आलेली माझी शेजारीण त्या रात्री सोबत होती; तेव्हापासून ती वसतिगृहाच्या तळघरातल्या जुन्या पियानोवर बसायची. लहानपणापासून पेटी वाजवलेली. उजवा हात पळायचा, डावा मात्र भाता शोधत राहायचा.

"अगं, इथे हवा भरावी लागत नाही," मी चिडवायचे.

"मला कळतं गं. हाताला सांग!"

हिवाळा सरताना तो हात एकदाचा पट्ट्यांवर उतरला. त्याच आठवड्यात व्यवस्थापकाने पियानोला कुलूप घातलं. रूहेत्साइट, म्हणजे भर दुपारच्या नि रात्रीच्या शांततेच्या वेळा मोडल्याची तक्रार होती म्हणे. ती तर दुपार टळल्यावरच वाजवायची! मी पत्रकं लिहिली, दारोदार वाटली. तरी पियानो विकला गेला.

"पुरे आता," ती म्हणाली. त्यानंतर त्या बँडचं गाणं लागलं की ती रेडिओ बंद करायची.

तुमच्या इमारतीत एखादं वाद्य कुलपात पडलं असेल, तर आजच जाऊन किल्ली मागा.